यूएनमध्ये जायचंय, कुठलं एमए करू?

पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं हा प्रश्न फार मनापासून विचारतात. गरिबी, आरोग्य, पाणी, शिक्षण, स्थलांतर अशा प्रश्नांवर देशाबाहेरही काम करावं असं विशी-बाविशीत वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण प्रश्न विचारतानाच त्यांच्या मनात क्रम ठरून गेलेला असतो : आधी पदवी, मग काम. आंतरराष्ट्रीय विकासाच्या क्षेत्राविषयीचे बरेचसे गैरसमज याच क्रमातून येतात.

गैरसमज : बीए झालं की परदेशी मास्टर्स, आणि मास्टर्स झालं की नोकरी

संयुक्त राष्ट्रांच्या व्यावसायिक श्रेणीतल्या पी-२ या कनिष्ठ पदासाठी साधारणपणे मास्टर्स आणि शिवाय किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, पी-३साठी पाच वर्षांचा. शिष्यवृत्त्यांचंही तसंच आहे. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती अर्जदाराकडे २,८०० तासांचं, म्हणजे साधारण दोन वर्षांचं काम मागते आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट घालते. जर्मनीतल्या डाड (डीएएडी) या संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांसाठीची शिष्यवृत्तीही दोन वर्षांच्या अनुभवाशिवाय मिळत नाही. म्हणजे बाविसाव्या वर्षी घाईने निघालेल्या मुलाला बहुधा स्वतःच्या, खरं तर आई-वडिलांच्या पैशांवर जावं लागतं.

पासपोर्टाचा फरकही माहीत असलेला बरा. ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर या पदांचा खर्च बहुतांशी श्रीमंत देशांची सरकारं उचलतात, त्यामुळे त्यातल्या बहुसंख्य जागा त्यांच्याच नागरिकांना मिळतात. यंग प्रोफेशनल्स परीक्षेला पदवी पुरते, वयोमर्यादा ३२ आहे, पण त्या वर्षीच्या यादीतल्या देशांच्याच नागरिकांना ती देता येते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्कमध्ये किंवा जिनिव्हात स्वखर्चाने काही महिने राहणं कोणाला परवडतं, हे सांगायला नको. हा अन्याय आहे, आणि तो ठाऊक असूनच आखणी करायला हवी. त्यामानाने यूएन व्हॉलंटिअर्सचा मार्ग बरा, कारण तिथे निर्वाहभत्ता मिळतो.

गैरसमज : पदवी घेतली की पुढचं काय ते आपोआप कळतं

इथे जामखेडकडे आणि गडचिरोलीकडे बघावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे आधीच डॉक्टर होते, खेड्यातल्या रुग्णालयात काम करून झालं होतं. येणारे बरेचसे आजार मुळात टाळता येण्याजोगे आहेत आणि दवाखान्यात बसून ते टळणार नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. हा पेच घेऊन ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि १९७० साली जामखेडला येऊन त्यांनी काम उभं केलं. गावातल्याच, अनेकदा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जामखेडच्या कामावर स्वतंत्र प्रकरण होतं, आणि १९७८च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार जगाने स्वीकारला, त्यामागच्या अनुभवांत जामखेडचाही वाटा होता.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचंही तसंच. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम करताना संशोधनाची शिस्त हवी असं त्यांना वाटलं, म्हणून ते जॉन्स हॉपकिन्सला गेले, १९८४ साली पदवी घेतली आणि परत येऊन गडचिरोलीत स्थायिक झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. ज्या ३९ गावांत प्रशिक्षित बायका घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेत होत्या, तिथला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवल्या जाणाऱ्या घरोघरच्या नवजात सेवेमागे हा अभ्यास आहे.

दोन्ही जोडप्यांना विद्यापीठाचा एवढा उपयोग झाला, कारण प्रश्न आधीच हातात होता. कोणत्या विषयाच्या वर्गात बसायचं, कोणत्या शिक्षकाला गाठायचं, हे त्या प्रश्नानेच ठरवलं.

गैरसमज : विकासात करिअर म्हणजे ‘डेव्हलपमेंट स्टडीज’च

हा विषय उत्तमच आहे. १९५२ साली स्थापन झालेली हेगची आयएसएस आणि १९६६ साली स्थापन झालेली ससेक्सची आयडीएस या संस्था तो शिकवतात, आणि धोरणं कशी घडतात, कुणाच्या सोयीने घडतात, हे समजायला त्याला तोड नाही. पण संस्थांच्या जाहिराती वाचून पाहा. पाणीपुरवठ्याचा अभियंता, साथरोगतज्ज्ञ, पोषणतज्ज्ञ, हिशेब सांभाळणारा, सर्वेक्षण आखून त्यातली आकडेवारी तपासणारा, अशी माणसं त्यांना हवी असतात. सांगलीच्या सिव्हिल इंजिनिअरने डेल्फ्टच्या आयएचई संस्थेत पाणी आणि स्वच्छतेचा अभ्यासक्रम केला, तर त्याच्या हातातलं कौशल्य वाया न जाता धारदार होतं. आकडेवारीची ओढ असेल तर एमआयटीचा विकासाच्या अर्थशास्त्रावरचा ‘मायक्रोमास्टर्स’ घरबसल्या करता येतो, त्याला आधीची पदवीही लागत नाही.

गैरसमज : परदेशात शिकलं तरच ‘आंतरराष्ट्रीय’

टाटा समाजविज्ञान संस्थेचं एक आवार तुळजापूरला आहे, ग्रामीण विकासाचं शिक्षण तिथे दुष्काळी गावांच्या सान्निध्यात होतं. आयआयटी मुंबईचं ‘सितारा’ केंद्र तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एमटेक देतं. आणंदची ‘इर्मा’ आहे, अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. आणि कल्पना कुठून कुठे जातात तेही बघा : मुंबईच्या वस्त्यांत १९९५च्या सुमारास सुरू झालेल्या ‘प्रथम’ने मुलांना इयत्तेऐवजी त्यांना जे येतं त्यानुसार गटांत बसवून शिकवायची पद्धत घडवली, ती आज झांबियाच्या सरकारी शाळांत वापरली जाते.

गैरसमज : कर्ज काढू, डॉलरमध्ये फेडू

हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. २०२५ साली अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्था मोडीत काढली आणि जुलैत तिचं उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. ब्रिटननेही मदतीचा वाटा २०२७पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. अनेक देशांत अनुभवी माणसांच्या नोकऱ्या गेल्या, आणि नव्या पदवीधरांना आता त्यांच्याशीच स्पर्धा करायची आहे. अशा वेळी घर गहाण ठेवून एका वर्षासाठी लंडनला जाऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन. जे. एन. टाटा एन्डोमेन्ट १८९२पासून मदत करते, पण ती कर्जरूपाने असते, हेही कित्येकांना अर्ज करताना कळतं. पूर्ण खर्च उचलणारी इरॅस्मस मुंडुससारखी शिष्यवृत्ती या वर्षी हुकली, तर वर्षभर काम करून पुन्हा अर्ज करता येतो.

आणि यूएनची नोकरी लावून देतो म्हणून नोंदणीचे किंवा प्रशिक्षणाचे पैसे कुणी मागितले, तर देऊ नका. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत.