लेसर-शलाकेची प्रत
लेसरची शलाका कितीही सरळ भासली तरी ती अंतरागणिक पसरतेच. हा पसारा तितक्याच बारीक कटीच्या (सर्वांत अरुंद जागेच्या) आदर्श गाउसीय शलाकेच्या किती पट आहे, याचा दाखला म्हणजे स्टॅनफर्डचे अँथनी सीगमन यांनी रूढ केलेला ‘एम-वर्ग’ हा गुणांक, जो १ च्या खाली कधीच उतरत नाही. तो मोजण्यासाठी ‘आयएसओ १११४६’ या मानकान्वये किमान १० ठिकाणी, निम्मी कटीनिकट नि उरलेली दूर, अशी रुंदीची मोजमापे घ्यावी लागतात. खरी मेख पार्श्वप्रकाशाची: रुंदीच्या हिशेबात केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग येत असल्यामुळे कॅमेऱ्याच्या कडेचा क्षुल्लक उजेडही, वजा न केल्यास, उत्तम शलाकेची प्रत नाहक खालावून दाखवतो.