गोड-तिखट कुरकुरीत चिकन : आधी घरच्या कढईत, मग बाजारात

नोकरी सुटली की माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो खाण्याच्या धंद्याचा. ‘लोक काहीही सोडतील, खाणे सोडणार नाहीत,’ असे म्हणून घरचेही मान डोलावतात. मग बचतीचे पैसे निघतात, कधी घरातल्या बाईचे दागिने निघतात आणि गाळा भाड्याने घेतला जातो. सध्या अशा होतकरू मंडळींच्या तोंडी एक नवे नाव ऐकू येते. ते म्हणजे कोरियन चिकन. बाहेरून कुरकुरीत, आतून रसाळ आणि वरून लाल, चकाकणारा गोड-तिखट लेप. मोबाईलवर कोरियन मालिका पाहणाऱ्या मुलामुलींना तर त्याचे विशेष आकर्षण आहे.

हा पदार्थ घरी जमतो का आणि त्यावर धंदा उभा राहतो का, असे दोन प्रश्न आम्हाला विचारले जातात. पहिल्याचे उत्तर आम्ही स्वतः कढई चुलीवर ठेवून शोधले. दुसऱ्याचे उत्तर ज्या देशातून हा पदार्थ आला, त्या देशाच्या अनुभवातच सापडते.

उष्ट्या ताटातून लागलेला शोध

दक्षिण कोरियात जिवंत कोंबडीला ‘दाक’ म्हणतात, पण ‘चिकिन’ म्हटले की तळलेली कोंबडीच समजली जाते. हा शब्द इंग्रजीतून आला, तसा पदार्थही अमेरिकेच्या वळणावरच सुरू झाला. १९७० च्या दशकात तेथे खाद्यतेल आणि ब्रॉयलर कोंबड्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या. १९७७ साली राजधानी सोलमध्ये ‘लिम्स चिकन’ हे दुकान निघाले. तळलेल्या चिकनच्या साखळी दुकानांची तेथली सुरुवात याच दुकानापासून मानली जाते.

गोड-तिखट लेपाचे श्रेय मात्र सामान्यतः देगू शहरातील यून जोंग-ग्ये यांना दिले जाते, जरी इतरही काही दावेदार आहेत. छपाईचा व्यवसाय बुडाल्यावर यून यांनी चिकनचे लहानसे दुकान टाकले होते. गिऱ्हाईक येत होते, पण ताटात तुकडे उरत होते. तळलेले चिकन निवले की कोरडे होई आणि छातीचे मांस घशाखाली उतरत नसे. आपला माल उष्ट्यात का पडतो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि ते वेगवेगळे मसाले लावून पाहू लागले. कित्येक महिने चव जुळेना. शेवटी शेजारच्या एका वृद्ध बाईने सुचवले की यात जरा ‘मुल्योत’ घालून बघा. मुल्योत म्हणजे धान्याच्या स्टार्चपासून केलेला गोड, चिकट पाक. तो पडताच तिखट, लसूण आणि आंबटपणा यांचा मेळ बसला. हा किस्सा यून यांनी स्वतःच पुढे सांगितला आहे. १९८० च्या सुमारास निघालेल्या या प्रकाराला ‘यांगन्योम चिकिन’, म्हणजे मसाला लावलेले चिकन, असे नाव पडले आणि पाहता पाहता तो देशभर पसरला.

धंदा करणाऱ्याने यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. गल्ल्यात काय आले, हे सगळेच मोजतात. ताटात काय उरले, हे पाहणारा विरळा.

आमचा पहिला प्रयत्न फसला

आम्ही पहिल्या वेळी नेहमीसारखे मैदा-अंड्याचे पीठ करून चिकन एकदाच तळले आणि त्यावर सॉस ओतला. दहा मिनिटांत वरचे आवरण भिजलेल्या पावासारखे मऊ झाले. घरातील मुलांनी आवरण बाजूला काढून आतले मांस तेवढे खाल्ले. दुसऱ्या वेळी पीठ बदलले, तिसऱ्या वेळी दोनदा तळले, तेव्हा कोठे जमले. जमलेली पद्धत अशी आहे.

साहित्य आणि तयारी

हाडासहित चिकन एक किलो घ्यावे. कोरियात या कामासाठी साधारण एक किलो वजनाची लहान कोंबडीच वापरतात, कारण मोठ्या कोंबडीचे जाड तुकडे आत शिजेपर्यंत बाहेरून करपतात. नेहमीच्या खाटिकाकडून बारा ते चौदा तुकडे करून घ्यावेत आणि ते अगदी कोरडे पुसावेत. त्यांना दोन चहाचे चमचे मीठ, अर्धा चमचा मिरपूड, एक चमचा वाटलेली लसूण आणि एक मोठा चमचा आल्याचा रस चोळून निदान एक तास फ्रिजमध्ये ठेवावे.

आवरणासाठी शंभर ग्रॅम बटाट्याचा स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर, पन्नास ग्रॅम मैदा आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर एकत्र करावी. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरी, बारीक पूड. भाकरीचे पिवळे मक्याचे पीठ नव्हे. मैद्यात चिकटपणा असतो, म्हणून नुसत्या मैद्याचे आवरण चिवट होते आणि लवकर मऊ पडते. स्टार्चचे आवरण पातळ आणि खुसखुशीत राहते. तुकडे या पिठात घोळवावेत, जास्तीचे पीठ झटकावे आणि परातीत दहा मिनिटे तसेच ठेवावेत. पीठ ओलसर दिसू लागले की ते मांसाला धरले असे समजावे.

दोनदा तळण्याचे कारण

कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. पहिले तळण १६० अंश सेल्सिअसच्या तेलात आठ ते नऊ मिनिटे करावे. पाच-सहा तुकड्यांहून जास्त एका वेळी टाकू नयेत, नाहीतर तेल थंड होते आणि आवरण तेल पिते. तुकडे झाऱ्याने काढून जाळीवर ठेवावेत. कागदावर रचून ठेवले तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ होते.

आता दहा मिनिटे थांबायचे. या वेळात मांसातील ओलावा बाहेरच्या आवरणात येतो. मग तेल १८५ अंशांपर्यंत तापवून तुकडे पुन्हा तीन मिनिटे तळावेत. बाहेर आलेला ओलावा या वेळी वाफ होऊन निघून जातो आणि आवरण कडक होते. पहिल्या तळणात मांस शिजते, दुसऱ्यात कुरकुरीतपणा येतो. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी उष्णता ७४ अंशांपर्यंत पोहोचली पाहिजे. ज्याला धंदा करायचा आहे, त्याने तेलात आणि मांसात चालणारा तापमापक विकत घ्यावा. अंदाज रोज सारखा लागत नाही आणि गिऱ्हाईक तर रोज तीच चव मागते.

लेप

लेपासाठी दोन मोठे चमचे काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीची पूड, तीन मोठे चमचे टोमॅटो केचप, एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा सिरका, चार मोठे चमचे काकवी, एक मोठा चमचा साखर आणि चार मोठे चमचे पाणी घ्यावे. मुल्योतच्या जागी आम्ही कोल्हापूरकडची काकवी वापरली. चव थोडी वेगळी येते, पण चकाकी तीच येते. काकवी नसेल तर मध चालतो.

एक मोठा चमचा तेलात आठ-दहा लसूण पाकळ्या बारीक चिरून मंद आचेवर परताव्यात. त्या लाल होण्याआधीच बाकी सर्व साहित्य एकत्र कालवून ओतावे. मिरचीपूड कोरडी तापल्या तेलात टाकू नये, ती करपते आणि लेप कडू होतो. चार-पाच मिनिटे उकळल्यावर पाक चमच्याच्या पाठीला चिकटून राहू लागला की आच बंद करावी. पाक पातळ राहिला तर त्यातले पाणी आवरणात शिरते आणि सारी मेहनत वाया जाते. दुसऱ्यांदा तळलेले गरम तुकडे या गरम लेपात हलक्या हाताने घोळवावेत आणि वर भाजलेले तीळ भुरभुरावेत. घोळवण्याचे काम वाढण्याच्या वेळीच करावे.

कोरियात याच्यासोबत मुळ्याचे आंबट-गोड चौकोनी तुकडे देतात. मुळा सिरका, साखर, मीठ आणि पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की झाले. खर्च नाममात्र, पण तळलेल्या पदार्थाने जड झालेले तोंड मोकळे होते.

एका गोष्टीकडे आमच्या वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. बाजारात ‘गोचुजांग’ नावाची कोरियन मिरचीची चटणी मिळते आणि पुष्कळ जण या लेपात ती घालतात. त्यातील अनेक प्रकारांत टिकाऊपणासाठी अल्कोहोल मिसळलेले असते. कोरियन पाककृतींत तांदळाची दारूही सांगितलेली असते. तेव्हा डब्यावरील घटकांची यादी वाचावी, हलाल प्रमाणपत्र असलेला माल निवडावा. वर दिलेल्या कृतीत या दोन्हींची गरज पडत नाही.

कोरियातील दुकानांचे काय झाले

आता धंद्याकडे वळू. १९९७ च्या अखेरीस दक्षिण कोरियावर मोठे आर्थिक संकट कोसळले. सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावे लागले, कंपन्या बुडाल्या आणि चाळिशी-पन्नाशीतील असंख्य कर्ते पुरुष घरी बसले. हातात नुकसानभरपाईची रक्कम आणि पदरी संसार. थोड्या भांडवलात, फारसे शिक्षण न लागता सुरू होणारा धंदा म्हणून त्यांतील पुष्कळांनी चिकनची दुकाने टाकली. साखळी कंपन्या मसाला, पाटी, प्रशिक्षण सगळे पुरवीत होत्या. २००२ साली तेथे विश्वचषक फुटबॉल स्पर्धा झाली, तेव्हा तर घरोघरी चिकन मागवले गेले आणि दुकानांना आणखी उधाण आले.

पुढे काय झाले? तेथील केबी फायनान्शियल ग्रुपने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार त्या वर्षी फेब्रुवारीत देशात सुमारे ८७ हजार चिकनची दुकाने होती. २०१८ या एका वर्षात सुमारे ६,२०० दुकाने नवीन उघडली आणि सुमारे ८,४०० बंद पडली. पदार्थ वाईट होता म्हणून ती बंद पडली नाहीत. तोच पदार्थ आज जगभर आवडीने खाल्ला जातो. एकाच गल्लीत तोच माल विकणारे अनेक झाले, प्रत्येकाला किंमत उतरवावी लागली आणि भाडे मात्र उतरले नाही.

याच देशात उलट उदाहरणही आहे. क्वोन वोन-गांग हे टॅक्सी चालवीत. १९९१ साली त्यांनी गुमी शहरात ‘क्योचोन’ नावाचे छोटे दुकान काढले. लसूण आणि सोया सॉसचा लेप तुकड्यांवर ब्रशने हाताने लावण्याची पद्धत त्यांनी टिकवली. २०२० साली त्यांच्या कंपनीचे शेअर सोलच्या बाजारात विकले गेले. गर्दीत तेही होते, पण ज्या चवीसाठी गिऱ्हाईक पुन्हा येते, ती त्यांनी घाईसाठी सोडली नाही.

हिशेब आधी, गाळा नंतर

आमचा सल्ला असा की प्रथम महिनाभर हा पदार्थ घरी करून पाहावा आणि प्रत्येक वेळी वही ठेवावी. चिकन, पीठ, लेपाचे साहित्य, गॅस, डबे-पिशव्या यांचा खर्च लिहावा. तेल तळण्यापूर्वी आणि नंतर मोजावे, म्हणजे किती खर्ची पडले ते कळते. उरलेले, करपलेले, फुकट वाटलेले हेही लिहावे. स्वतःची मजुरी लिहायला तर कोणीच विसरू नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, सर्व साहित्याचा खर्च वजा जाता एका किलोमागे १५० रुपये उरतात. गाळ्याचे भाडे १५ हजार आणि एका पोऱ्याचा पगार १२ हजार धरला, तर महिन्याला १८० किलो माल विकल्यानंतर केवळ हा खर्च निघतो. सव्वीस दिवसांच्या हिशेबाने रोज सात किलो. त्यानंतर विकलेल्या किलोवरच मालकाच्या घरची चूल पेटते. हेच काम घरच्या स्वयंपाकघरातून ऑर्डर घेऊन केले, तर भाडे आणि पगार दोन्ही वाचतात आणि दिवसाला दोन किलोची विक्रीसुद्धा घराला हातभार लावते. आकडे ज्याने त्याने आपल्या गावच्या भावाने बदलून घ्यावेत, रीत हीच.

रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी हातोहात माल खपला म्हणून तेवढ्यावरून गाळा घेऊ नये. ईदनंतरच्या साध्या मंगळवारी किती खपतो, ते पाहावे.

विक्री करायची तर घरगुती धंद्यालाही अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी लागते. ती आधीच करून घ्यावी. तेलाबाबतही नियम आहे. तळून तळून तेलात जी पोलर संयुगे तयार होतात, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले की ते तेल स्वयंपाकात वापरता येत नाही. १ जुलै २०१८ पासून हा नियम लागू आहे. काळपट झालेले, फेसाळणारे तेल पैसे वाचवण्यासाठी चालवणारा आपलेच गिऱ्हाईक तोडतो.

देगूच्या त्या दुकानदाराजवळ ना भांडवल होते, ना जाहिरात. ताटात उरलेल्या तुकड्यांकडे त्याने लक्ष दिले, शेजारणीचे ऐकले आणि जमेपर्यंत करून पाहिले. आपल्या घरात सल्ला देणारी एखादी खाला किंवा आपा नक्कीच असेल. पुढचे पाच-सहा रविवार कढई चढवावी, शेजारीपाजारी वाटून त्यांचे खरे मत घ्यावे आणि वही भरावी. वहीतील आकडे होकार देतील, तेव्हा बाजारात उतरावे. ते नकार देतील, तर घरच्या दस्तरखानावर एक चांगला पदार्थ आला आणि दागिने पेटीतच राहिले, यातही नुकसान काही नाही.