साखरेवाचून गोडी

तंजावूरच्या परिसरात कावेरी अनेक शाखांनी विभागून समुद्राकडे वाहत जाते. या त्रिभुज प्रदेशातील गावांत दिवस उगवतो तो कॉफीच्या वासाने. पितळी पेल्यातील कॉफी खालच्या पसरट दवऱ्यात ओतून निववावी आणि मग सावकाश प्यावी, ही येथील रीत. १८५५ पर्यंत येथे राज्य करणाऱ्या भोसले घराण्याबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांच्या घरीही ती रुळली आहे. सणाला गुळाचे सक्करै पोंगल होते, तिरुवैयारूला मुगाच्या डाळीचा अशोका हलवा मिळतो. अशा प्रदेशातील वीस-बावीस वर्षांचा निरोगी तरुण साखरेचा डबा दूर सारून कॉफीत एक इवलीशी गोळी का टाकतो?

पहिले कारण घरातच असते. वडिलांना किंवा आजीला मधुमेह जडलेला असतो. रोजची औषधे आणि पायाची न भरणारी जखम मुलांनी जवळून पाहिलेली असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे. दुसरे कारण वजनाचे. लग्न ठरण्याच्या वयात शरीराच्या बांध्याची चिंता वाढते, आणि साखर टाळूनही गोडी न सोडण्याची सोय ही गोळी करून देते. जिभेची सवय मोडण्यापेक्षा पदार्थ बदलणे सोपे, हे तरुणांनाच काय, कोणालाही पटेल.

ही गोडी येते कोठून? जिभेवरील रुचिकलिकांत गोड पदार्थ ओळखणारे विशिष्ट ग्राहक असतात. साखरेखेरीज इतर काही रेणूही त्यांना चिकटतात, आणि त्यांपैकी काही कितीतरी अधिक घट्ट. त्यामुळे त्यांचा कणमात्र अंशही पुरतो व उष्मांक जवळजवळ मिळत नाहीत. १८७९ मध्ये सापडलेले सॅकरिन साखरेच्या सुमारे तीनशे पट, तर १९६५ मध्ये सापडलेले अस्पार्टेम सुमारे दोनशे पट गोड आहे. सुक्रालोजच्या शोधात तर एका भारतीय संशोधकाचा हात आहे. १९७६ मध्ये लंडनमध्ये शशिकांत फडणीस हे क्लोरीनयुक्त शर्करांवर काम करीत होते. ‘तपासा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांनी ‘चाखा’ असा ऐकला व पदार्थ जिभेवर ठेवला, अशी हकीगत सांगतात. प्रयोगशाळेत असे करणे धोक्याचेच. परंतु हाती आला तो साखरेच्या सहाशे पट गोड पदार्थ.

आता हिशेब पाहू. एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम साखर सुमारे वीस उष्मांक देते. दिवसाला दोन-दोन चमच्यांच्या चार कॉफ्या घेणाऱ्याचे १६० उष्मांक गोळीमुळे वाचतात. परंतु तेवढेच उष्मांक जेमतेम ४५ ग्रॅम कच्च्या तांदळात, म्हणजे मूठभर भातात असतात. आणि त्रिभुज प्रदेश हे तर भाताचे कोठार. कॉफीत वाचविलेले दुपारच्या पानात वाढून घेतले, तर वजन जागचे हलत नाही. गूळ किंवा ताडगूळ निरुपद्रवी असतो, हाही एक भ्रम आहे. त्यांचे उष्मांक साखरेच्या जवळपासच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा गोडकांचा वापर करू नये, असा सल्ला दिला. दीर्घकालीन फायदा दिसून आला नव्हता. उलट, त्यांचा वापर करणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळले. मात्र मुळात वजन वाढलेले लोकच अशा गोळ्यांकडे वळतात, हेही त्यामागचे कारण असू शकेल. आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही.

त्याच वर्षी कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने अस्पार्टेमला ‘संभाव्य कर्ककारक’ ठरविले, पण पुरावा मर्यादित असल्याचेही सांगितले. आहार-सुरक्षा तज्ज्ञांनी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम होते. कॉफीतल्या चार-सहा गोळ्यांनी ती गाठली जात नाही. फेनिलकीटोनूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र अस्पार्टेम पूर्णपणे टाळावे लागते. पोंगलच्या उकळत्या पातेल्यातही ते टाकू नये, कारण उष्णतेने त्याचे विघटन होऊन गोडी नाहीशी होते.