गाडी खालून बघायची

जुनी फोर बाय फोर विकायला काढणारा माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो: "एकदाही ऑफ-रोड नेलेली नाही. फोर बाय फोर कधी टाकलंच नाही." ऐकणारा खूश होतो. गाडी जपून वापरलीय, दगडधोंड्यांत आपटलेली नाही, असा अर्थ तो लावतो. भोसरीच्या बाजूला गॅरेज असलेले आमचे मिस्त्रीकाका मात्र हे वाक्य ऐकलं की खिशातला टॉर्च बाहेर काढतात. दादासाठी गाडी शोधताना मी त्यांच्याबरोबर बरीच फिरले आणि आता माझंही मत त्यांच्यासारखंच झालंय: खालून थोडी घासलेली, पण सगळं चालू असलेली गाडी बघावी.

दादाच्या घरात माणसं पाच. दादा, वहिनी, दोन मुलं आणि आई. आठवडाभर गाडी शाळा, मंडई आणि वहिनीचं ऑफिस करणार, सुट्टीला किल्ल्यांच्या पायथ्याच्या कच्च्या वाटा. दादाच्या डोळ्यांसमोर राजमाची होती. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीपर्यंतची ती १५-१६ किलोमीटरची वाट पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींना पाठ असते: दगड, ओढे, पावसाळ्यात चिखल. कोरड्या दिवसांत अशा वाटेवर उंच, दणकट टू-व्हील गाडीसुद्धा निघते. फोर बाय फोर लागतं ते ओल्या चढावर आणि त्याहून जास्त ओल्या उतारावर. वर्षातून मोजके दिवस लागणाऱ्या गोष्टीसाठी वर्षभराची गाडी निवडायची, असा हा व्यवहार.

पहिली चाळणी आईने लावली. २०२० साली आलेली नवी थार दादाला मनापासून आवडलेली. २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता, हे सगळं त्याला तोंडपाठ. पण तिला दारं तीन. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून फटीतून चढायचं. आई एकदा चढली, खाली उतरली आणि म्हणाली, "मी रिक्षाने येईन हो तुमच्या मागोमाग." २०१० पासूनच्या जुन्या थारमध्ये मागची बाकडी समोरासमोर, आडवी; लहान मुलाची सीट त्यावर बांधताच येत नाही. पाच दारांची रॉक्स आली ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यामुळे जुन्या बाजारात ती तेव्हा नव्याच्याच भावात होती. पाच दारांची जिम्नी २०२३ ची, चढाला बकरीसारखी, पण सीटा चार आणि डिकी २०८ लिटरची. पाचव्या माणसाने जायचं कुठे? जिप्सीचं नाव मीच काढलं होतं. १९८५ पासून तीसेक वर्षं ती बनत राहिली, ताडोब्याच्या सफारीत आजही तीच दिसते. हलकी, साधी, कुठेही दुरुस्त होणारी. पण पुढे-मागे पाटे असलेल्या गाडीत रोज शाळेत जायचं म्हणजे मुलांच्या मणक्यांची परीक्षा, असं वहिनी म्हणाली आणि विषय संपला.

उरल्या स्कॉर्पिओ, जुनी फॉर्च्युनर आणि सफारी स्टॉर्म. म्हणजे खाली शिडीसारखी चासी, वर पाच दारं आणि इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा, लो रेंजचा (संथ पण जोरदार गिअरचा) ट्रान्सफर केस. फॉर्च्युनर जुनी झाली तरी भाव सोडत नाही. स्टॉर्मची गंमत अशी की पुण्यात बनलेली, २०१७ मध्ये लष्कराने ३,१९२ गाड्यांची ऑर्डर दिलेली, आणि तरी जुन्या बाजारात तिला फारसं कुणी विचारत नाही. सुटे भाग नाना पेठेत मिळतात.

काकांची पद्धत ठरलेली. बॉनेट उघडायचं नाही, स्टीअरिंगला हात लावायचा नाही. आधी चारही सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढायचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण टीव्हीवर पाहिलंय. अशा गाड्या धुऊनपुसून, सीटकव्हर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. पण बेल्टची शेवटची वीतभर पट्टी गुंडाळीतच असते आणि ती धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे गाळाची तपकिरी रेघ दिसली की काका बेल्ट सोडून देतात आणि चहा सांगतात. त्या गाडीचं पुढे काही बघत नाहीत.

मग रॅम्प. "ताई, तुम्हीपण या खाली. वर काय, वर सगळ्यांना दिसतं."

पहिली गाडी रत्नागिरी पासिंगची. वरून झकास, खालून त्याहून झकास: अख्खी चासी नव्या काळ्या कोटिंगने चमकत होती. मला वाटलं मालक हौशी दिसतो. काकांनी छोटी हातोडी घेतली आणि पुढच्या टोकापासून ठोकत मागे निघाले. टण, टण, टण. मागच्या चाकाच्या वर, जिथे चासी कमानीसारखी वळते, तिथे आवाज बदलला. बसका, ओला, पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक कोटिंगखाली घातलं आणि हलकंच फिरवलं. काळा पापुद्रा सुटला, त्याच्याबरोबर गंजाची खपली आली आणि आतून तांबडी भुकटी काकांच्या बाहीवर सांडली. खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या गाडीला गंज लागतोच, त्यात मालकाचा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो झाकण्यात. कोटिंग गंज काढून, कोऱ्या लोखंडावर मारायचं असतं. गंजावर मारलं तर ओल आत कोंडते आणि काम आणखी जोरात चालू राहतं. विकायच्या आधी नवं काळं केलेलं खालचं अंग मला तेव्हापासून नव्या रंगापेक्षा जास्त खटकतं.

दुसरी पुण्याचीच. किलोमीटर कमी, सर्व्हिसच्या नोंदी चोख, सीटांवरचं प्लास्टिक अजून तसंच. आणि तेच वाक्य: फोर बाय फोर कधी टाकलंच नाही. गाडी रॅम्पवर घेऊन चारही चाकं अधांतरी केली. काकांच्या पोऱ्याने इंजिन चालू करून नॉब फोर हायवर फिरवला. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायला लागला आणि लुकलुकतच राहिला. खालून एक 'टक्' ऐकू आलं, मग काही नाही. पहिल्या गिअरवर मागची चाकं फिरत होती. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट ढिम्म.

हे असं का होतं? कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्या वेगळ्या. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत रोज मागचीच चाकं ओढतात, पुढची गरजेला जोडली जातात. ती जोडणी करायला ट्रान्सफर केसवर छोटी मोटर असते, काहींत पुढच्या हबांना व्हॅक्यूमच्या नळ्या असतात. वर्षानुवर्षं कुणी नॉब हलवला नाही की मोटर जागच्या जागी अडकते, नळ्या कडक होऊन चिरतात, हबातलं ग्रीस सुकतं. ट्रान्सफर केसचं तेल तर बदलायचं असतं हेच कुणाला आठवत नाही. म्हणून कमी वापर ही इथे शाबासकी होत नाही. शाफ्ट फिरला तरी काका थांबत नाहीत. शाफ्ट फिरतोय आणि चाक फिरत नाही, असंही असतं. मग घोळ हबात.

तिसरी वेल्ह्याकडे शेत असलेल्या एका गृहस्थांची, स्टॉर्म. बाजूला करवंदीच्या काट्यांचे बारीक ओरखडे, पुढच्या खालच्या लोखंडी पत्र्यावर दगडाने काढलेल्या दोन लांब रेघा. दादाचा चेहरा पडला. काका मात्र त्या पत्र्यावरून हात फिरवत म्हणाले, "हा पत्रा यासाठीच असतो. मार याने खाल्लाय, त्याच्या वर बघा." वर सगळं कोरडं, कुठे तेलाचा टिपूस नाही. मागच्या डिफरन्शियलचा प्लग उघडून त्यांनी बोट घातलं. दुधाळ तेल निघालं तर आत पाणी गेलेलं असतं; हे काळपट सोनेरी होतं. प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी मऊ भुकटी, जी प्रत्येक चालत्या गाडीत असते. त्यात कण किंवा दाताचा तुकडा हाताला लागला असता तर व्यवहार तिथेच मोडला असता. नॉब फिरवला. दिवा दोनदा लुकलुकून स्थिर झाला, पुढचा शाफ्ट फिरला, चाकंही.

चालवून बघितली वहिनीने, कारण रोज चालवणार तीच. दादाने किल्ली मागितली होती, पण काकांनी ती थेट तिच्या हातात दिली. मुरमाच्या मैदानात फोर हाय टाकून स्टीअरिंग पूर्ण वळवलं तर गाडी अडखळत, हिसके देत फिरायला लागली. वहिनी घाबरली; काका खूश. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि दोन्ही एकमेकांना घट्ट जोडलेली असली की ती रेटारेटी स्टीअरिंगवर कळते. फोर बाय फोर खरोखर लागल्याची ही खूण. मुरमावर चाक सरकून ताण सुटतो, कोरड्या डांबरावर तो गिअरांवरच जातो. म्हणून हायवेला "ग्रिप चांगली मिळते" म्हणून फोर हाय टाकून हाकणाऱ्यांनी आपल्या ट्रान्सफर केसची माफी मागावी.

मग जुन्या खाणीचा उतार. गाडी थांबवून फोर लो, पहिला गिअर, ब्रेकवरून पाय बाजूला. गाडी इंजिनच्या जोरावर स्वतःला धरून ठेवत, माणूस चालेल त्या वेगाने खाली उतरली. वहिनीने तोच उतार पुन्हा मागितला. लो रेंजचं खरं काम हे आहे: ओल्या उतारावर ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन घसरतं, इथे ब्रेक लागतच नाही. चढाचे फोटो लोक टाकतात, उताराचे कुणी टाकत नाही. (आणि फोटोंसाठी सड्यांवर गाड्या घालणाऱ्यांबद्दल एकच: कातळावरच्या दोन बोटं मातीत पावसाळ्यात जे उगवतं ते एका टायरखाली काही हंगामांपुरतं संपतं. चाकोरी आहे तिथेच चालवावी, वनखात्याच्या हद्दीत विचारून.)

अडचण आली पायरीची. या मालकाने फूटस्टेप काढून टाकलेली, कारण दगडाला आधी तीच लागते. आईचा गुडघा म्हणत होता पायरी हवी. दोन्ही बाजू बरोबर. शेवटी काकांनी आतल्या खांबावरच्या हँडलचे बोल्ट तपासून पक्के केले आणि डिकीत घडीचं प्लास्टिकचं स्टूल ठेवायला सांगितलं. आईने स्टुलावर पाय ठेवून, हँडल धरून स्वतःला वर ओढलं, मधल्या सीटवर टेकली आणि खिडकीतून खाली बघत म्हणाली, "इथून सगळं दिसतं की."

कागदांचं काम फार रंजक नाही, पण बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का आणि चासी नंबर लोखंडावरचा आणि कागदावरचा एकच आहे का, एवढं तरी बघावंच. गाडी १५ वर्षांच्या जवळ आलेली असेल तर पुनर्नोंदणी आणि हरित कर धरूनच भाव ठरवावा. लोखंडी बुलबार लावलेला असेल तर काढायचा खर्च धरावा; २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना ते बेकायदा असल्याचं कळवलंय. घेतल्यावर पहिले पैसे लाइटबारवर न घालवता इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलच्या तेलांवर घालावेत. आणि महिन्यातून एकदा कच्च्यावर दोन-चार किलोमीटर फोर बाय फोर टाकून चालवावी, म्हणजे मोटर आणि हब जागे राहतात.

भाव अडला तो टायरवर. मागचे दोन नवे, पुढचे दोन चार वर्षांपूर्वी बनल्याचा आकडा असलेले आणि निम्मे झिजलेले. साध्या गाडीत हे चाललं असतं. फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा असला की सरळ रस्त्यावरही तीच रेटारेटी सुरू होते. काकांनी मालकाला खडूने खुणा करून दाखवलं. ते गृहस्थ शेतकरी, बैलजोडीत एक लंगडा चालत नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. दोन टायरांचे पैसे त्यांनी मुकाट्याने कमी केले. स्टेपनी मात्र कोरी असल्याचं सांगून तिचे वेगळे लावले, आणि ती खरंच कोरी होती.