उपाशी घोडा हलका नसतो

“दुपारी बारापासून तोंडाला काही लावलेलं नाही,” घोडीवाल्याने मला अभिमानाने सांगितलं. वरात रात्री नऊची. घोडी आरशांच्या झुलीत सजून उभी होती, आणि नवरदेवाच्या दारात लीद पडू नये म्हणून नऊ तास उपाशी होती.

हेच मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो आहे. रपेटीला जाणारे म्हणतात, रिकाम्या पोटी घोडा हलका धावतो. बाजाराला घोडे नेणारे म्हणतात, वाटेत चारा दिला की पोट फुगतं. आणि घोड्याचं खाणं कमी झालंच, तर उपाय ठरलेला: एक दिवस लंघन!

आधी लिदीचं. घोड्याने खाल्लेला चारा बाहेर पडायला साधारण दीड-दोन दिवस लागतात. वरातीत पडते ती लीद काल-परवाच्या चाऱ्याची. म्हणजे त्या उपवासाने दारही स्वच्छ राहत नाही.

पोटाचं मात्र नुकसान होतं. आपल्या जठरात आम्लाचा जोर जेवणाच्या वेळी वाढतो. घोड्याच्या जठरात ते चोवीस तास झिरपत असतं, समोर चारा असो वा नसो, कारण मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरतच असतो. आम्लावरचा उतारा त्याच्या लाळेत आहे. खाण्याच्या सोड्यात असतो तसला क्षार. पण ही लाळ फक्त चावताना सुटते. नुसता हरभरा बघून घोड्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही. तोंड थांबलं की लाळ थांबते, आम्ल चालूच राहतं.

जठराच्या खालच्या भागाला बुळबुळीत संरक्षक थर असतो, वरच्या भागाला नसतो. घोडा उभा असताना आम्ल बहुतेक खालीच राहतं. दौड सुरू झाली की पोटाचे स्नायू आवळतात आणि ते वर, उघड्या अस्तरावर चढतं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी घोडे ट्रेडमिलवर चालवून हे मोजलं, २००२ मध्ये. त्याआधी १९९६ साली संशोधक मायकेल मरे यांनी घोड्यांचा चारा एक दिवसाआड पूर्ण तोडून पाहिला होता. आठवड्याभरात जठराच्या वरच्या भागात व्रण. लंघनाने व्रण बरा होत नाही, तयार होतो. आणखी किती स्पष्ट हवं?

यात खरं एवढंच की तोबरा भरून चंदी चारल्याबरोबर घोडा दौडवू नये. पण चंदी वेगळी, चारा वेगळा. रपेटीआधी अर्धा तास पाटीभर कुट्टी द्या. लसूणघासाची असेल तर उत्तम, तिच्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं आम्ल शोषतात. चावताना लाळ सुटते, आणि चाऱ्याचा थर आम्लाला वर उसळू देत नाही.

बाकीचे समज थोडक्यात.

“तंग आवळताना चावायला येते, खोडीलच आहे.” असेल. पण चंदी अर्धी टाकून चारा तेवढा खाणं, केस निस्तेज होणं, अंग उतरणं हेही सोबत असेल तर पोट तपासा.

“लीद काळी नाही, म्हणजे व्रण नाही.” लिदीवरून कळत नाही. खात्री होते ती सुमारे तीन मीटर लांब एंडोस्कोप जठरात घालूनच. या तपासणीआधी मात्र उपाशी ठेवावंच लागतं, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

“हा रेसच्या घोड्यांचा आजार.” रेसच्या घोड्यांत जास्त, हे खरं, पण वरातीची घोडी आणि दूध पिणारं शिंगरूही सुटत नाही.

“रात्रभर पुढ्यात काड असतं की.” डेन्मार्कमध्ये २०१ घोड्यांची पाहणी झाली, २००९ साली प्रसिद्ध झाली. नुसत्या काडावर ठेवलेल्या, आणि दोन चाऱ्यांत सहा तासांहून जास्त खंड पडणाऱ्या घोड्यांत व्रणाचा धोका वाढलेला दिसला.

“माणसाची ओमेप्राझोलची कॅप्सूल कुटून पिठात दिली की झालं.” औषध बरोबर आहे, कुटणं चूक. आतल्या दाण्यांवरचं आवरण फुटलं की आम्ल ते औषधच नासवतं. घोड्यांसाठीची पेस्ट मिळते. मात्रा आणि मुदत पशुवैद्यांकडून घ्या, आणि घोडा चार दिवसांत खायला लागला म्हणून ती मध्येच सोडू नका.