बंब सोमेश्वरी जाण्याआधी

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. आमच्या बारामती तालुक्यात तर सोमेश्वरनगर खरोखरच आहे. पण आगीच्या बाबतीत आपले वागणे अगदी या म्हणीसारखेच असते, हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आरोग्याच्या सदरात आगीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांच्यासाठी आधी एक अनुभव सांगतो.

एका उन्हाळ्यात रात्री अडीचच्या सुमारास माझ्या रुग्णालयाची घंटा वाजली. भिगवण रोडकडच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणारे नवरा, बायको आणि दोन मुले रिक्षातून आली होती. अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. पण नाकपुड्यांत काजळी, आवाज बसलेला, डोके ठणकणारे आणि धाकट्या मुलीला उलट्या. जिन्याखालच्या मीटरबोर्डाने पेट घेतला होता आणि शेजारी लावलेली स्कूटर धडाडून पेटली होती.

“डॉक्टर, दार उघडलं तर जिनाच दिसेना. नुसता काळा धूर,” नवरा सांगत होता. त्याने दार लावून घेतले, फटीला ओली चादर लावली आणि सगळ्यांना रस्त्याकडच्या खिडकीशी उभे केले. शेजाऱ्यांनी शिडी लावली. नशिबाने त्या खिडकीला गज नव्हते. मी प्राणवायू सुरू केला आणि चौघांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. चौघेही बरे झाले.

जाळापेक्षा धूर घातक

आगीत माणसे जळून मरतात असा आपला समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळ जण जाळ जवळ येण्याआधीच धुराने जातात. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जणांचा मृत्यू झाला, त्यांतले बहुतेक गुदमरून गेले. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच बेशुद्धी येऊ शकते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवते. आकडा ९८ दिसतो आणि रुग्ण आतून गुदमरलेला असतो. म्हणून धुरात सापडलेल्या माणसाला, तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी, रुग्णालयात न्यावे. आवाज घोगरा झाला असेल किंवा नाकातोंडात काजळी दिसत असेल, तर मुळीच वेळ घालवू नये.

माझ्याच घराची गोष्ट

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण इंदापुरात आमचे वडिलोपार्जित घर आहे. खाली तीन गाळे, वर चार खोल्या. एका गाळ्यात भांड्यांचे दुकान, दुसऱ्यात कापडाचे, तिसऱ्यात वडापाव आणि चहा. वर शिकणारी मुले आणि कारखान्यात कामाला जाणारे एक कुटुंब. माझ्या रुग्णालयाचे फायर ऑडिट मी वेळच्या वेळी करतो, कारण त्याचा कागद मागितला जातो. घराचा कागद कुणी मागत नव्हते, म्हणून मी तिथे कधी नीट पाहिलेही नव्हते. भाडे मात्र दर महिन्याला घेत होतो.

रविवारी गेलो. जिन्याखाली मीटर, त्याच्या समोर दोन दुचाकी आणि खोक्यांची थप्पी. वडापावच्या गाळ्यात कढईपासून हातभर अंतरावर दोन सिलिंडर, रबरी नळी चिरलेली. वरच्या खोलीत एकाच बोर्डावर शेगडी, इस्त्री आणि तीन चार्जर. गच्चीच्या दाराला कुलूप.

“अण्णा, हे कुलूप कशाला?” मी थोरल्या भावाला विचारले.

“पोरं रात्री गच्चीवर जाऊन दंगा करतात रे. किल्ली माझ्याकडे असते.”

“आणि तुम्ही झोपता कुठे?”

अण्णा गप्प झाले. ते दोन गल्ल्या पलीकडे राहतात.

कुलुपांनी घेतलेले बळी

आपल्याच जिल्ह्यात, उरुळी देवाची येथे ९ मे २०१९ रोजी पहाटे साड्यांच्या दुकानाला आग लागली. आत झोपलेले ५ कामगार मरण पावले. दार बाहेरून बंद होते. चिखलीत ३० ऑगस्ट २०२३ रोजी दुकानातच राहणाऱ्या कुटुंबातील आईवडील आणि दोन मुले अशा चौघांचा अंत झाला. शेजारच्या सोलापुरात १८ मे २०२५ रोजी औद्योगिक वसाहतीतील कापड कारखान्याला आग लागून ८ जण गेले. तिथेही कामाची आणि राहण्याची जागा एकच होती. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी १० नवजात बालके दगावली, तेव्हा सारे राज्य हादरले. खाली धंदा आणि वर बिऱ्हाड ही आपल्या पेठांची जुनी रीत आहे. ती बंद होणार नाही, पण वरच्या माणसाला बाहेर पडायला वाट असलीच पाहिजे.

तपासणी कशी करून घ्यावी?

पहिली पायरी स्वतःची. वही घेऊन जागेतून एकदा दिवसा आणि एकदा रात्री दिवे मालवून फिरावे. चार प्रश्न लिहावेत. ठिणगी कुठे पडू शकते? तिथे पेटण्यासारखे काय आहे? आत कोण असते, त्यात म्हातारे, लहान मुले, झोपणारे कामगार किती? आणि त्यांना बाहेर पडायला वाट कोणती? एकच वाट असेल, तर ती वाट पेटल्यावर काय, हे त्याच पानावर लिहावे.

दुसरी पायरी जाणकाराची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ मध्ये झाला आणि डिसेंबर २००८ पासून लागू झाला. ज्या इमारतींना तो लागू आहे, तिथली जबाबदारी मालकाची आणि जागा वापरणाऱ्याचीही आहे. बसवलेली यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घेऊन सादर करायचा असतो. हा परवाना राज्याचे अग्निशमन संचालनालय देते. म्हणून तपासायला येणाऱ्याचा परवाना आणि त्याची मुदत आधी पाहावी. आपली इमारत या नियमात बसते का, हे नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात विचारावे. औद्योगिक वसाहतीतील गाळेधारकांनी एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे चौकशी करावी.

एक सावधगिरी सांगतो. जो माणूस पाच मिनिटांत चक्कर मारतो आणि लगेच सहा नळकांड्यांचे बिल पुढे करतो, त्याने तपासणी केली नाही, विक्री केली. खरी तपासणी लेखी असते. त्यात काय धोका आहे, कुणाला आहे, काय करायचे, कुणी करायचे आणि कधीपर्यंत, एवढे आलेच पाहिजे. भाडेकरू बदलला, धंदा बदलला किंवा नवे यंत्र आले की ती पुन्हा करावी.

तिसरी पायरी कराराची. अकरा महिन्यांच्या भाडेकरारात आपण रंगकाम आणि पाणीपट्टी लिहितो. त्यातच वायरिंग कुणी पाहायचे, नळकांडे कुणी भरून घ्यायचे, जिना मोकळा कुणी ठेवायचा, हेही लिहावे. नाहीतर मालक म्हणतो भाडेकरूने पाहावे आणि भाडेकरू म्हणतो मालकाने.

आम्ही काय केले

आमचे घर लहान. अशा घराला दाखल्याची सक्ती नाही, तरी मी परवानाधारक माणसाला बोलावले. तो दोन तास फिरला. त्याच्या यादीप्रमाणे मीटरसमोरच्या गाड्या आणि खोकी हलवली. लायसनवाल्या वायरमनकडून वायरिंग बदलून एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे यंत्र बसवले. सिलिंडर कढईपासून दूर, हवेशीर जागी उभे केले. गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, म्हणून खालची जाळी मोकळी केली. नळी आयएसआय छापाची, आणि ती पाच वर्षांनी बदलायची हे भिंतीवर तारखेसह लिहिले. गाळ्यांत एबीसी पावडरची नळकांडी लावली. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे दर महिन्याला पाहायचे. जिन्यात आणि खोल्यांत धूर ओळखून वाजणारी बॅटरीची घंटा लावली. गच्चीच्या कुलुपाच्या जागी आतून उघडणारी कडी आली. खिडकीच्या एका जाळीला आतून उघडणारा झडपा केला.

खर्च झाला, सुमारे तीन महिन्यांच्या भाड्याइतका. अण्णा आधी कुरकुरले. “इतकी वर्षं काही झालं नाही,” म्हणाले. मी त्यांना त्या रात्रीच्या मुलीबद्दल सांगितले. मग कडी त्यांनी स्वतः उभे राहून बसवून घेतली.

आग लागलीच तर

१०१ किंवा ११२ वर फोन करावा, रुग्णवाहिकेसाठी १०८ वर. धुरातून वाकून, रांगत जावे, कारण खाली हवा बरी असते. मागे दार लावून घ्यावे. सामान आणायला परत जाऊ नये. विजेच्या किंवा तेलाच्या आगीवर पाणी ओतू नये. पेटलेल्या कढईचा गॅस बंद करून वर झाकण ठेवावे. कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांतले काहीही लावू नये. अंगठ्या, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात, चिकटलेला कपडा ओढू नये.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात बळी पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो पाळतात. त्या आठवड्यात आम्ही भाडेकरूंना घेऊन एकदा जिन्याने आणि एकदा गच्चीवरून बाहेर पडण्याचा सराव करतो. पहिल्या वर्षी वरच्या कुटुंबातल्या मावशी हसत होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांनीच नातवाला पुढे केले आणि म्हणाल्या, “डॉक्टर, याला अंधारात कडी काढून दाखवू द्या.”

त्याने काढून दाखवली. वाचकहो, येत्या रविवारी तुम्हीही वही घेऊन आपल्या दुकानातून, भाड्याच्या खोल्यांतून एक फेरी मारा. सुरुवात जिन्याखालून करा.