डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढलात का?



माझ्या थोरल्या बहिणीला मधुमेह होता. दर शुक्रवारी मी तिच्याकडे जाऊन साखर तपासत असे, पायाची बोटे पाहत असे. डोळ्यांच्या तपासणीचा विषय काढला की ती म्हणायची, "सुईत दोरा ओवता येतो मला. कशाला जायचं?" मीही सोडून द्यायची. एका सकाळी तिच्या उजव्या डोळ्यापुढे काळे जाळे आले. आत रक्त उतरले होते. पुढे त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळे. नर्सच्या बहिणीचे हे झाले, म्हणून आज लिहिते आहे.

साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, फुगतात, पाझरतात. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. पडद्याचा मधला भाग शाबूत असेपर्यंत अक्षरही स्पष्ट दिसते, दोराही ओवता येतो. बिघाड कळतो तो पडदा तपासला तरच.

आता पडद्याचा फोटो कॉम्प्युटरही वाचतो. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरला शिकवायला त्यांनी १,२८,१७५ फोटो वापरले. त्यांत अमेरिकेतल्या फोटोंबरोबर मदुराईचे अरविंद, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि बंगळूरचे नारायण नेत्रालय इथले फोटोही होते. (भारतातल्या कितीतरी आजी-आजोबांचे डोळे या शिकवणीला कामी आले, हे वाचून मला बरे वाटले.) एकेक फोटो तीन ते सात डॉक्टरांनी पाहून शेरा दिला आणि त्या शेऱ्यांवरून कॉम्प्युटर शिकला. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या सरकारी खात्याने अशाच एका वेगळ्या यंत्राला परवानगी दिली. ते नेत्रतज्ज्ञाशिवाय, साध्या दवाखान्यातच निकाल देते. चाचणीत, ज्यांचा पडदा बऱ्यापैकी बिघडला होता अशा शंभरातले सुमारे ८७ त्याने ओळखले. बाकीचे सुटले, हेही ध्यानात ठेवा. म्हणून "ठीक आहे" असा निकाल आला तरी बारा महिन्यांनी पुन्हा या, असेच ते यंत्र सांगते.

पण मला सर्वांत पटला तो थायलंडचा अनुभव, कारण तिथे यंत्र नर्सच्या हाती होते. अकरा दवाखान्यांतल्या कामाची ही हकिगत २०२० साली प्रसिद्ध झाली. पूर्वी फोटो तज्ज्ञाकडे पाठवून उत्तरासाठी कधी कधी दहा आठवडे थांबावे लागे. यंत्र तिथल्या तिथे उत्तर देई, पण पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के त्याने वाचलेच नाहीत. खोलीत पुरेसा अंधार नाही, फोटो धूसर. मग रोग असो वा नसो, त्या रुग्णाला दूरच्या डॉक्टरकडे पाठवायचे! रांगेत पन्नास माणसे असताना खोली काळोखी करणे म्हणजे काय, हे ज्याने वॉर्ड सांभाळला त्यालाच ठाऊक.

आपल्या वयात फोटो धूसर येण्याची आणखी दोन कारणे असतात, मोतीबिंदू आणि लहान झालेली बाहुली. गेल्या वर्षी माझाच फोटो दोनदा काढावा लागला. फोटो काढणारी मुलगी कंटाळली, मीही कंटाळले. थेंब घालून बाहुली मोठी केल्यावर तिसऱ्यांदा नीट आला. तेव्हा "पुन्हा बसा" म्हटले तर रागावून घरी येऊ नका.

आणखी एक. मधुमेहाच्या बिघाडासाठी बनवलेले यंत्र तेवढेच पाहते. ते काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजत नाही, चष्म्याचा नंबरही काढत नाही. निकाल हाती आला की विचारा, "हा कशाचा निकाल आहे?" डोळ्यापुढे अचानक ठिपके, जाळे किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर यंत्राची किंवा ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही, जवळचे धूसर दिसते. काळा चष्मा न्या, आणि बसचा नंबर वाचायला नातवाला बरोबर घ्या.